मोरी पुन्हां पुन्हां कां तुंबते?

घरांतील कांहीं दुखणीं तापासारखीं एकदम येतात, तर कांहीं सांधेदुखीप्रमाणें सावकाश बळावत जातात. स्वयंपाकघरांतील मोरीचें तुंबणें हें दुसऱ्या जातीचें दुखणें होय. जुन्या घरांत मोरी जमिनीवर होती. आज ती ओट्यावर चढून बसली आहे आणि तिला सिंक म्हणतात. परंतु तिचा स्वभाव बदललेला नाहीं. भांडीं घासून झाल्यावर तिच्यांत चार बोटें पाणी उभें राहतें आणि मिनिटाभरानें निघून जातें. तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. महिन्या-दीड महिन्यानें त्याच पाण्याला दहा मिनिटें लागूं लागतात आणि त्यावर तेलाचा तवंग तरंगतांना दिसतो. मग एके दिवशीं, आणि तेंहि बहुधा चार पाहुणे जेवून उठले असतांना, पाणी उतरण्याचें अजिबात थांबतें.

पुण्यामुंबईच्या एखाद्या इमारतींतील तिसऱ्या मजल्यावरचें असें एक बिऱ्हाड डोळ्यांपुढें आणावें. मोरी तुंबली कीं पहिला ठपका भांडीं घासणाऱ्या बाईवर येतो. "वहिनी, जाळी मी रोजच्या रोज साफ करतें हो," असें ती परोपरीनें सांगते. सासूबाईंचें म्हणणें असतें कीं, घरांत मिक्सर आल्यापासून हें सुरू झालें. सूनबाईंना वाटतें कीं, सासूबाई चहाचा चोथा मोरींत ओततात त्याचा हा परिणाम. यजमान बाजारांतून मोरी मोकळी करण्याची पुडी आणतात. तिनें भागलें नाहीं म्हणजे नळकारागीर येतो, लांब तार घालून दोनचार वेळां घुसळतो, भळभळ आवाज होऊन पाणी उतरतें आणि घरांत शांतता नांदूं लागते. तीन महिन्यांनीं पुन्हां तेंच पाणी, तोच तवंग आणि तेंच भांडण.

या घरांतील प्रत्येकाजवळ थोडें थोडें सत्य आहे. परंतु ते सर्वजण मोरी आज कां तुंबली याचें उत्तर शोधीत असतात. खरा प्रश्न निराळा आहे: ती पुन्हां पुन्हां आणि त्याच ठिकाणीं कां तुंबते? याचें उत्तर एका वाक्यांत द्यावयाचें तर असें देतां येईल कीं, पाणी वाहून जातें, पण पाण्याबरोबर गेलेलें सर्व कांहीं वाहून जात नाहीं.

थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली गोठलेली कोणी पाहिली नाहीं? सुमारें २४ अंश सेंटिग्रेडच्या खालीं खोबरेल गोठूं लागतें. साजूक तूप आणि वनस्पति तूप हीं तर त्याहून अधिक उष्णतेंतच आळतात. शिरा केलेली कढई ऊन पाण्यानें धुतली म्हणजे तूप पातळ होऊन दिसेनासें होतें, आणि धुणाऱ्याला वाटतें, तें गेलें. तें गेलेलें नसतें. दोन हात पुढें जाऊन नळीच्या गार भिंतीला लागतांच तें पुन्हां आळतें व तेथेंच चिकटून राहतें. शेंगदाण्याचें किंवा सूर्यफुलाचें तेल महाराष्ट्राच्या हवेंत सहसा गोठत नाहीं. पण तेलाच्या बरणीला बाहेरून जो चिवट चिकटा धरतो, तो पाहिला म्हणजे तेंहि निरुपद्रवी नाहीं हें ध्यानांत येतें. जेथें विहिरीचें अथवा कूपनलिकेचें जड पाणी वापरांत असतें, तेथें आणखी एक भर पडते. त्या पाण्यांतील चुन्याचा अंश आणि साबण यांचा संयोग होऊन पाण्यांत न विरघळणारी साय तयार होते. बादलीच्या कडेला पांढुरका थर धरतो तो हाच.

हा झाला गिलाव्याचा चुना. त्यांत भरावयाची खडी दुसरीकडून येते. भाताचीं शितें पाण्यांत फुगतात. कणकेची परात विसळलेलें पाणी खळीसारखें चिकट असतें. इडलीच्या पिठाचें भांडें, खवलेल्या खोबऱ्याचे तंतू, फोडणींतील मोहरी, कढीलिंबाचीं पानें, आणि सर्वांवर चहाचा चोथा! भांडीं घासण्याच्या पुष्कळ वड्यांत व भुकटींत खडूसारखी खनिज पूड मिसळलेली असते. ती पाण्यांत विरघळत नाहीं, तळाशीं बसते. यांपैकीं एकटा कोणताहि पदार्थ बहुधा निघून जाईल. परंतु तुपाच्या थरावर तो जाऊन बसला म्हणजे त्याचा मुक्काम पक्का झाला. म्हणून सासूबाईंचा चोथा आणि सूनबाईंचें मिक्सरचें पीठ यांत वाद घालण्यासारखें कांहीं नाहीं. दोहोंना धरून ठेवणारा सरदार कढईंतून आलेला असतो.

येथें एक शंका येईल. हा थर जर रोज थोडा थोडा वाढतो, तर मोरी दोन महिने बरी चालून मग एकाएकीं कां थांबते? याचें कारण गणितांत आहे. नळीचा व्यास निम्मा झाला म्हणजे तिच्या तोंडाचें क्षेत्रफळ निम्मे नव्हे, चौथाई होतें; त्यांत भिंतीचें घर्षण धरलें तर त्याच उतारावरून भरून वाहणारें पाणी मूळच्या सुमारें एक षष्ठांशावर येतें. दोन इंची नळी एक इंची झाली कीं तिचें काम अर्ध्यानें कमी झालें असें वाटतें. वास्तविक तें सहा हिश्शांपैकीं पांच हिश्शांनीं कमी झालेलें असतें. त्यांतच पाणी मंद झालें कीं त्याची गाळ ढकलण्याची शक्ति जाते, म्हणून गाळ अधिक बसतो, म्हणून पाणी आणखी मंद होतें. दुखणें सावकाश येतें आणि शेवटीं धांवत सुटतें, तें असें.

नळकारागिराच्या तारेनें आराम कां टिकत नाहीं, हेंहि यावरूनच समजतें. साधी तार गोठलेल्या चरबींतून आरपार जाते आणि तिच्यांत बोटभर भोंक पाडते. त्या भोंकांतून पाणी भळकन उतरतें, आणि नळी साफ झाली असें सर्वांना वाटतें. भिंतीवरचा थर मात्र जागच्या जागीं असतो. भोंक बुजण्यास तीन महिने पुरतात. मोरी मोकळी होणें आणि नळी स्वच्छ होणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या एक समजणें हेंच या दुखण्याच्या पुनरावृत्तीचें मोठें कारण होय.

कधीं कधीं दोष रांधणाराचा नसून बांधणाराचा असतो. सिंकच्या खालीं नळीला एक वळण असतें आणि त्यांत नेहमीं दोन-तीन इंच पाणी उभें राहतें. हें पाणी गटारांतील दुर्गंधीला व झुरळांना वर येऊं देत नाहीं. लंडनमध्यें घड्याळें करणाऱ्या अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ सालीं संडासाच्या नळीसाठीं इंग्रजी 'एस' अक्षरासारख्या वळणाचें पेटंट घेतलें; आज घरोघर दिसणारीं वळणें त्याच वंशांतलीं आहेत. भारतांतील नळकामाच्या इंग्रजी पुस्तकांतहि फरशीवरील अशा सांपळ्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, हें पाहून मराठी माणसाला मौज वाटेल. गाळ प्रथम या वळणांत सांपडतो, म्हणून तें काढूनच टाकावें असें पुष्कळांना वाटतें. पण तें काढणें म्हणजे उंदीर येतो म्हणून घराचें दार उचकटून टाकण्यासारखें आहे.

त्या वळणापुढील आडव्या नळीला दर फुटास सुमारें पाव इंच उतार असावा लागतो. घराची नवी मांडणी करतांना ओटा या भिंतीचा त्या भिंतीला नेतात. नळी दहा-बारा फूट लांबते, उतार उरत नाहीं, आणि फरशीखालीं गेलेली ती चूक पुढें दिसत नाहीं. दुसरा दोष अनेक घरांत आढळतो. सिंकपासून फरशीच्या भोंकापर्यंत प्लॅस्टिकची वळ्यावळ्यांची लवचिक नळी सोडलेली असते. बसवावयास ती सोपी व स्वस्त खरी, पण तिची प्रत्येक वळी म्हणजे चरबीला बसावयास दिलेली पायरीच होय. ती काढून आंतून गुळगुळीत अशी नळी बसविली, तर पुष्कळ घरांतील तक्रार निम्म्यानें कमी होईल.

आतां उपायांकडे वळावयाचें. परंतु उपायाच्या आधीं निदान हवें. फक्त सिंकचेंच पाणी हळू जात असेल, तर अडथळा बहुधा सिंकखालच्या वळणांत किंवा लगतच्या नळींत असतो. सिंकमधील पाणी सोडल्यावर फरशीवरील जाळींतून गुडगुड आवाज येत असेल अथवा पाणी वर येत असेल, तर तो पुढें, आडव्या नळींत आहे. घरांत कोणीहि नळ सोडलेला नसतांना मोरींत खरकटें पाणी चढत असेल, तर तें वरच्या मजल्यांवरचें असून इमारतीची उभी नळी खालीं कोठें तरी तुंबली आहे. अशा वेळीं आपल्या घरांत तार घालणाऱ्या गृहस्थाचे श्रम व्यर्थ होत. तें काम सर्व भाडेकऱ्यांनीं किंवा सोसायटीनें मिळून करावयाचें आहे.

घरच्या घरीं करावयाचे उपाय क्रमानें करावे. सिंकखालीं वाटीसारखा फिरकीचा सांपळा असेल, तर खालीं बादली ठेवून तो हातानें फिरवून काढतां येतो. आंतला गाळ कचऱ्यांत टाकावा व वाटी घासून पुन्हां बसवावी. आवळतांना रबरी चकती जागेवर आहे हें पाहावें. त्यानें भागलें नाहीं तर रबरी वाटीचा दट्ट्या घ्यावा. पाणी दाबलें तरी आकसत नाहीं, म्हणून दट्ट्याचा धक्का थेट अडथळ्यापर्यंत पोंचतो. पण त्यासाठीं रबरी वाटी बुडेल इतकें पाणी सिंकमध्यें हवें, आणि सिंकला जादा पाण्याचें छिद्र किंवा शेजारी दुसरें कुंड असेल, तर तीं तोंडें ओल्या फडक्यानें घट्ट दाबून धरलीं पाहिजेत. हा बोळा न लावल्यामुळेंच दट्ट्या निरुपयोगी आहे असा पुष्कळांचा ग्रह झालेला असतो. त्यानंतर तारेचा क्रम. तार आरपार गेली एवढ्यावर समाधान न मानतां, टोकाला ब्रश असलेली तार मिळवून नळीच्या भिंती खरडाव्या.

पाणी उतरूं लागलें म्हणजे काम संपलें नाहीं. खरें काम तेथून सुरू होतें. सिंकचें भोंक बुचानें बंद करून तें गरम साबणपाण्यानें कांठोकांठ भरावें व बूच एकदम काढावें. बारीक धारेनें घटकाभर सोडलेल्या पाण्यापेक्षां एकदम सुटलेला हा लोंढा गाळ अधिक लोटतो. असें ओळीनें तीन-चार वेळां करावें, आणि पुढें आठवड्यांतून एकदां करीत जावें. पाणी उकळतें मात्र नसावें. प्लॅस्टिकच्या नळ्या साधारणतः ६० अंशांपलीकडची उष्णता फार वेळ सोसत नाहींत, मऊ पडून सांध्यांत वांकतात. उकळत्या पाण्यांत तितकेंच साधें पाणी मिसळलें म्हणजे योग्य तें ऊन पाणी मिळतें.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांच्या मिश्रणाची ख्याति अलीकडे फार झाली आहे. तीं दोन्हीं एकत्र होतांच फेस येतो आणि कांहीं तरी जोरदार घडत आहे असें वाटतें. परंतु एक अल्कधर्मी व दुसरें आम्ल, यामुळें दोघें एकमेकांस निष्प्रभ करतात. उरतें तें खारट पाणी आणि उडून गेलेला वायु. गोठलेली चरबी त्यानें विरघळत नाहीं. अपाय नाहीं, पण उपायहि नाहीं.

बाजारांतील पुड्या आणि बाटल्या यांची गोष्ट मात्र अपायाची आहे, आणि येथें प्रत्येक गृहस्थानें सावध झालें पाहिजे. पुडींत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीचा साबण बनवितो हें खरें. पण पाणी पुरेसें मिळालें नाहीं तर तोच गोळा नळींत दगडासारखा घट्ट बसतो. पाण्यांत पडतांच तो इतका तापतो कीं पाणी उसळून शिंतोडे तोंडावर उडूं शकतात. डोळ्यांत गेलेला एक थेंब दृष्टि घालवूं शकतो. तसें झाल्यास क्षणहि न दवडतां वाहत्या पाण्याखालीं निदान १५ ते २० मिनिटें डोळा धुवावा आणि तडक डॉक्टरांकडे जावें. याहून मोठी चूक पुढें होते. पुडीनें काम झालें नाहीं म्हणून रागारागानें त्यावर संडास धुण्याचें ॲसिड ओततात. सोडा व आम्ल भिडून सर्व पाणी उफाळून वर येतें. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आलीं, तर क्लोरीन वायु सुटतो. पहिल्या महायुद्धांत १९१५ सालीं ईप्रच्या रणांगणावर शत्रूवर सोडलेला वायु तो हाच. दारें-खिडक्या लावलेल्या स्वयंपाकघरांत त्याला थोडें प्रमाणहि पुरतें. आणखी एक कर्तव्य सहसा कोणाला सुचत नाहीं. पुडी टाकल्यानंतर कारागिराला बोलावलें असेल, तर त्यानें सांपळ्याला हात लावण्याआधीं त्याला तसें स्पष्ट सांगावें. खालीं आडवें पडून तो वर पाहात असतो, आणि तें दाहक पाणी प्रथम त्याच्याच चेहऱ्यावर पडावयाचें असतें.

असो. या सर्व खटाटोपापेक्षां सोपा असा एक उपाय आहे आणि तो मोरीच्या वरच्या बाजूला आहे. जुन्या घरांत ताटें मोरीवर जाण्यापूर्वीं खरकटें काढण्याची शिस्त होती. शितें आणि भाजीचीं देंठें गुरांच्या बादलींत पडत. ओशट भांडें प्रथम राखेनें पुसलें जाई. नळाच्या धारेखालीं सर्व कांहीं सोडून देण्याची संवय नळ घरांत आल्यानंतरची आहे. आज गुरें नाहींत आणि राखहि नाहीं. पण शिस्त चालवितां येते. तेलातुपाचीं भांडीं व ताटें पाणी लावण्यापूर्वीं रद्दी कागदानें पुसून घ्यावीं. तळणीचें टाकाऊ तेल गार झाल्यावर बरणींत साठवावें, मोरींत ओतूं नये. चहाचा चोथा कुंड्यांत किंवा ओल्या कचऱ्यांत घालावा. भोंकावर बारीक छिद्रांची जाळी ठेवावी, आणि ती मोरींतच न आपटतां कचऱ्याच्या डब्यांत झाडावी. या कामाला रोजचीं पांच मिनिटें लागत नाहींत. मात्र भांडीं घासणाऱ्या बाईवर तें सोंपवून चालावयाचें नाहीं; जेवणारानें आपलें ताट पुसून ठेवलें, तरच तें होतें.

ही शिस्त कांहीं नवी नव्हे. सिंधमधील मोहेंजोदडो येथें १९२२ पासून जें उत्खनन झालें, त्यांत सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींचीं पक्क्या विटांचीं झांकलेलीं गटारें सांपडलीं. त्या व्यवस्थेंत गाळ तळाशीं बसावा म्हणून ठिकठिकाणीं लहान खड्डे ठेवलेले होते. घट्ट पदार्थ अलीकडेच अडवावे आणि पाणी तेवढें पुढें सोडावें, हें तत्त्व त्या नगरवासीयांना उमगलें होतें. तें विसरल्यावर काय होतें, तें लंडनमध्यें २०१७ सालीं दिसलें. व्हाइटचॅपल भागांतील जुन्या भुयारी गटारांत गोठलेली चरबी आणि चिंध्या यांचा सुमारें २५० मीटर लांब व १३० टन वजनाचा गोळा सांपडला, आणि तो काढावयास नऊ आठवडे लागले. त्याचा एक तुकडा पुढें वस्तुसंग्रहालयांत मांडण्यांत आला. त्या गोळ्याचा प्रत्येक कण कोणाच्या ना कोणाच्या मोरींतूनच गेला असला पाहिजे.

भारतांत ही गोष्ट वस्तुसंग्रहालयापर्यंत न थांबतां माणसाच्या प्राणापर्यंत पोंचते. घराची नळी गटाराला मिळते, आणि गटार तुंबलें म्हणजे पुष्कळदां त्यांत माणूस उतरविला जातो. सडणाऱ्या मैल्यांतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूला प्रथम सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलें कीं नाक बधिर होऊन तो वासहि येईनासा होतो, आणि उतरलेला माणूस इशारा न मिळतां कोसळतो. २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून माणसाकडून गटारांची व मैलाटाक्यांची अशी सफाई करून घेणें हा गुन्हा ठरविला आहे. अशा मृत्यूंबद्दल कुटुंबास १० लाख रुपये द्यावे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं सांगितलें, आणि २०२३ सालीं ती रक्कम ३० लाख केली. कायदा आपलें काम करील तेव्हां करील. परंतु ज्या चरबीनें गटार तुंबतें, तींत तिसऱ्या मजल्यावरच्या कढईचाहि वांटा आहे, एवढें त्या घरानें विसरूं नये.

त्या बिऱ्हाडांतील भांडणाचा निकाल आतां लावतां येईल. भांडीं घासणाऱ्या बाईचा अपराध नव्हता. तिच्यापर्यंत येणारीं भांडींच तुपानें माखलेलीं होतीं. कारागिरानेंहि फसविलें नव्हतें. त्याला भोंक पाडावयास सांगितलें होतें, तें त्यानें पाडलें. एकदां नळी भिंतींसकट खरडून घ्यावी, वळ्यांची नळी बदलावी, आणि त्या दिवसापासून ओट्याच्या कोपऱ्यांत रद्दीचे तुकडे, तेलाची एक बरणी व चोथ्याचा एक डबा ठेवावा. मग पाहुणे जेवून उठल्यावर मोरीकडे कोणाला भीत भीत पाहावें लागणार नाहीं; आणि बाईवरचा ठपका निघून जाईल, हा लाभहि कांहीं लहान नव्हे.